लेव्हल की टिक? पहिला रोलप्लेइंग गेम निवडताना

आम्ही पाच जण दर रविवारी सांगलीत, विश्रामबागेत रोलप्लेइंग गेम खेळायला बसतो: प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि मिळून गोष्ट घडवायची. नवीन येणारा हमखास विचारतो, "आधी डंजन्स अँड ड्रॅगन्स शिकू की कॉल ऑफ कथुलू?" नियम कुठले सोपे, हे मी त्याला सांगत बसत नाही. पात्र कसं वाढतं ते बघ, म्हणते.

डंजन्स अँड ड्रॅगन्स 1974 सालचा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा. वीस बाजूंचा फासा टाकायचा, आलेल्या आकड्यात आपल्या कौशल्याचे गुण मिळवायचे, ठरलेला आकडा गाठला की काम फत्ते. पात्र पहिल्या लेव्हलपासून विसाव्यापर्यंत चढत जातं, अंगात बळ येतं, नवे मंत्र मिळतात. पुढच्या लेव्हलला काय घ्यायचं हे आठवडाभर डोक्यात घोळतं. जुळवाजुळवीची हौस असेल तर हाच घ्या.

मी मात्र दोन वर्षं तलवारबाजच घेतली, कारण बोलावं लागायचं नाही. पाळी आली की "मी वार करते" म्हणायचं आणि फासा टाकायचा. चारचौघांत तोंड न उघडणारी मुलगी टेबलाशी टिकली ती यामुळेच, हे उपकार मी विसरणार नाही. पण नववी लेव्हल गाठली ती माझ्या तलवारबाजने. मी होते तिथेच होते.

कथुलू हा भयकथांचा खेळ, 1981 चा, सँडी पीटरसन यांचा. मूळ खेळ 1920 च्या दशकातल्या अमेरिकेत घडतो आणि पात्रं साधी माणसं असतात: प्राध्यापक, पत्रकार, डॉक्टर. लेव्हल नाहीच. कौशल्यं टक्क्यांत, शंभराचा फासा त्या टक्क्यांच्या आत पडला की जमलं, आणि त्या कौशल्यापुढे पेन्सिलीने टिक. गोष्ट संपली की टिक केलेल्या कौशल्यांसाठी पुन्हा फासा, पण आता आकडा टक्क्यांच्या वर यावा लागतो. आला तर दहा बाजूंच्या फाशाइतके गुण वाढतात. म्हणजे जे कच्चं तेच लवकर सुधारतं. मनाचा तोल मात्र भीतीने झिजत जातो.

आमच्या कीपरने, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याने, ती 1929 च्या सांगलीत आणली, आयर्विन पूल नवाकोरा असताना. माझी नर्स मिरजेची, समजूत घालण्याचं कौशल्य जेमतेम 20. रात्री पुलावर पहारेकऱ्याने अडवलं. मी फासा उचलला तर कीपर म्हणाला, "आधी बोल, काय सांगतेस त्याला?" भडंगाने तेलकट झालेली बोटं ओढणीला पुसत मी बोलले, चांगली दोन मिनिटं. मग फासा: 14, म्हणजे 20 च्या आत. टिक. विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आयत्या वेळी मनचं बोलायची, ते याच गावात, 1843 मध्ये. आमची गोष्ट संपल्यावर त्या टिकेसाठी पुन्हा फासा टाकला: 63 पडले, 20 च्या वर, म्हणून 7 गुण वाढले.

अनोळखी लोकांत बसायची धडधड असेल, किंवा महिनोन्‌महिने जमणारी मंडळी असेल, तर आधी डंजन्स अँड ड्रॅगन्स. एकाच बैठकीत गोष्ट संपायला हवी असेल, पात्र मेलं किंवा वेडं झालं तरी चालणार असेल, तर कथुलू. लहान मुलांना नको. दोन्हींचे सुरुवातीचे नियम फुकट मिळतात. आणि गप्प राहायची सवय मोडायची असेल तर माझं मत कथुलूला. येताना पेन्सिल आणा, टिक पुढच्या खेळाआधी खोडावी लागते.