आजी आणि नातू, दोघांचा स्वर्ग वेगळा: 'द वे टु पॅरडाइज'

मारिओ व्हार्गास योसा यांची ही चरित्रात्मक कादंबरी मूळ स्पॅनिशमध्ये २००३ साली आली. नताशा विमर यांनी केलेला इंग्रजी अनुवादही त्याच वर्षीचा. एकूण २२ प्रकरणं: विषम क्रमांकांची कामगार आणि बायकांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या फ्लोरा त्रिस्तानची, सम क्रमांकांची तिचा नातू, चित्रकार पॉल गोगँ याची. दोघांची भेट कधीच झाली नाही. फ्लोरा नोव्हेंबर १८४४मध्ये गेली, गोगँ जून १८४८मध्ये जन्मला. आधी फ्लोराची सगळी प्रकरणं संपवून मग गोगँकडे वळायचा मोह होईल, पण तसं करू नका. तिला स्वर्ग हवा तो सगळ्यांसाठी आणि भविष्यातला, त्याला हवा तो स्वतःपुरता आणि भूतकाळातला. हा सामना आळीपाळीने वाचला तरच अंगावर येतो.

पहिली अडचण निवेदनाची. 'ती'बद्दल चाललेलं वाक्य एकदम 'तू'वर येतं: फ्लोरिता, तू असं का केलंस? कुणी नवं पात्र बोलतंय असं वाटून वाचक मागची पानं चाळतो. हा निवेदकच आहे. स्पॅनिशमधली ती सलगी इंग्रजीच्या 'यू'मध्ये पुसली जाते. आपण देवाला, आईला आणि मनातल्या मनात स्वतःलाही 'तू'च म्हणतो. तो 'तू' कानात ठेवून वाचलं की ही कादंबरी खुलते.

फ्लोराची प्रकरणं १८४४च्या फ्रान्स दौऱ्याची: ऑसेर, लियाँ, मार्सेय करत शेवटी बोर्दो. छातीत नवऱ्याने १८३८मध्ये झाडलेली गोळी, सोबत कामगारांच्या संघटनेचं पुस्तक. तिचा हिशेब साधा: ७० लाख कामगारांनी वर्षाला प्रत्येकी २ फ्रँक दिले की १ कोटी ४० लाख जमतात, त्यातून मुलं, आजारी आणि म्हातारे यांच्यासाठी वास्तू उभ्या करायच्या. हे वाचताना तिच्याबद्दल आदर वाटतो. पण गाव, सभा, पोलीस, पोटदुखी हा क्रम इतक्यांदा येतो की मध्यावर वाचन रेंगाळतं. तिथे पेरू देशातल्या आठवणी सावरून घेतात. आरेकिपातला काका तिला प्रेमाने घरात घेतो, पण आईबापांच्या लग्नाला कायद्याचा कागद नाही म्हणून वारसाहक्क नाकारतो. हे प्रकरण सावकाश वाचा.

गोगँच्या भागात लेखकाचा हात जास्त मोकळा आहे. ताहिती बेटावर, पापीते शहरातून रात्री उशिरा परतलेला गोगँ अंधाऱ्या झोपडीत काडी ओढतो आणि पालथी पडलेली, भुताच्या भयाने गोठलेली त्याची तिथली सोबतीण तेहामाना दिसते. १८९२च्या 'मनाओ तुपापाऊ' चित्राचा जन्म इथला, आणि तो प्रसंग योसांनी अप्रतिम लिहिला आहे. तक्रार मात्र गंभीर आहे. ती मुलगी जेमतेम तेरा वर्षांची. तिचं भय आपल्याला चित्रकाराच्या डोळ्यांनीच दिसतं, तिचं स्वतःचं मन जवळपास रिकामंच राहतं. आजीने आयुष्यभर बायकांच्या गुलामगिरीविरुद्ध लिहिलं, म्हणून ही उणीव जास्त खुपते.

वाचताना चित्रं समोर हवीतच. 'आपण कुठून आलो?' हे गोगँचं, बॉस्टनच्या संग्रहालयातलं चित्र १३९ बाय ३७५ सेंटिमीटरचं, जाड्याभरड्या गोणपाटावर रंगवलेलं. मोबाइलवर ते पट्टीएवढं दिसतं, म्हणून मोठ्या पडद्यावर उघडा आणि उजवीकडून सुरुवात करा: तान्हं बाळ त्या टोकाला आहे, म्हातारी डाव्या.