आयरिश आडनावाचा शोध: सशुल्क सभासदत्व, आठ महिन्यांनंतर

सहा महिन्यांची मुदत संपली आणि पुढच्या सहा महिन्यांचे पैसे परस्पर कापले गेले. आयरिश वंशावळ शोधण्याची साइट; नाव घेत नाही. आठ महिन्यांनी मत एवढंच, की घराण्याचं आडनाव का बदललं हे शोधायचं असेल तर नेमकं तिथेच हे प्रकरण लंगडं आहे.

सगळा घोळ ‘मिळतीजुळती आडनावं दाखवा’ या चौकटीत आहे. तिच्यामागे साउंडेक्स ही उच्चारावरून नावं जुळवण्याची पद्धत चालते, म्हणजे पहिलं अक्षर तसंच ठेवून पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे. त्यामुळे सलिव्हन एस-४१५ आणि ओ'सलिव्हन ओ-२४१. नुसता ‘ओ’ गळाला तरी माणूस हरवतो! गोवन जी-५००, मॅकगोवन एम-२५०. कॅव्हन परगण्यात याच घराण्यांपैकी अनेकांनी नावाचं सरळ भाषांतर करून स्मिथ घेतलं (आयरिशमध्ये ‘गावा’ म्हणजे लोहार), तो एस-५३०. ही तीन नावं ही चौकट जन्मात जुळवणार नाही. गॅलवे परगण्याकडचे मॅक कॉनरी तर ‘री’ म्हणजे राजा, असं धरून किंग झाले. भाषांतर, तेही चुकीचं. त्यापुढे ध्वनीवर चालणारं गणित काय करणार?

यावर फुकटचा उपाय आहे. आयर्लंडच्या जन्म-मृत्यू नोंदणी खात्याच्या रॉबर्ट मॅथेसन यांनी १८९० मध्ये एकमेकांच्या जागी वापरल्या जाणाऱ्या आडनावांची यादी छापली. ती आधी पाहावी आणि प्रत्येक पर्याय वेगळा शोधावा. त्याहून बरं म्हणजे आडनावाचा रकाना रिकामा ठेवून नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव आणि टाउनलँड टाकावं. टाउनलँड म्हणजे आयर्लंडमधलं जमिनीचं सर्वांत लहान प्रशासकीय एकक. देशभरात ६० हजारांहून जास्त आहेत आणि एकाच नावाची डझनभरही सापडतात, म्हणून पॅरिशही (चर्चचा स्थानिक विभाग) लिहावाच. पहिल्या नावांवरही विसंबू नये: टाइग कागदावर टिमथी होतो, डिआरमुड जेरेमाया होतो.

बदल प्रत्यक्ष दिसतो तो करासाठी केलेल्या जमिनीच्या मूल्यांकनाच्या फेरनोंद वह्यांत. ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली झालेल्या १८४७ ते १८६४ च्या मूल्यांकनातला भूखंड क्रमांक घ्यायचा आणि वह्यांत पुढे सरकायचं. जुनं नाव खोडून वेगळ्या रंगाच्या शाईनं नवं लिहिलेलं असतं, शेजारी साल. तोच तुकडा, तेच पहिलं नाव, आडनाव मात्र दुसरं. मग १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे फॉर्म पाहावेत. १९११ मध्ये काही घरांनी ते आयरिशमध्ये भरले, म्हणजे घर स्वतःला काय म्हणत होतं तेही कळतं.

साइटवरचं ‘आडनावाचा इतिहास’ हे कार्ड मात्र निव्वळ थाप. प्रत्येक बदलाचं खापर आयरिशांनी इंग्रजी आडनाव घ्यावं असं सांगणाऱ्या १४६५ च्या कायद्यावर! तो डब्लिन, मीथ, लाउथ, किल्डेअर एवढ्याच, इंग्रजांच्या ताब्यातल्या पट्ट्यातल्या आयरिशांसाठी होता. कॅव्हनच्या स्मिथांचा त्याच्याशी काय संबंध? न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, स्थलांतरितांच्या तपासणी नाक्यावरच्या कारकुनानं नाव बदलल्याची कथाही तशीच. याद्या बोटीवर चढतानाच तयार होत, कारकून त्या फक्त तपासत. लेखी कारण मिळेलच अशी आशा धरू नये: आपल्याकडे राजपत्रात नावबदल छापून येतो, तिथे मात्र नुसत्या वापरानं नाव बदलत असे.

तरीही एका बाबतीत मत बदलावं लागलं. आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीनं २०१५ मध्ये कॅथलिक पॅरिशच्या वह्यांची चित्रं फुकट ठेवली, पण त्यांत नावानं शोधता येत नाही आणि मजकूर पुष्कळदा लॅटिन. सशुल्क सूची तिथे खरोखर कामाची: वही आणि पान कळलं, की बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांची आडनावं आपण फुकटच्या चित्रावर वाचायची. त्याला एक महिना पुरतो. सहा महिन्यांचं घेऊ नका, आणि ‘आपोआप नूतनीकरण’ पैसे भरल्या दिवशीच बंद करा. ते खात्याच्या पानावर नसतं, ‘बिलिंग’मध्ये तिसऱ्या पडद्यावर लपवलेलं असतं.