पाचारण पारखताना : थेट सेमिनरी, की आधी वस्तीतली सेवा?

पदवी हातात आहे, ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये किंवा वागळे इस्टेटमध्ये बरी नोकरी आहे, आणि तरीही पाळकीय सेवेचे पाचारण, म्हणजे देवाची हाक, आपल्याला आहे असे मनातून वाटत राहते, अशा तरुण-तरुणींपुढे दोन वाटा असतात. मंडळीचे, म्हणजे आपल्या चर्चचे, शिफारसपत्र घेऊन याच वर्षी सेमिनरीकडे (पाळक आणि धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाकडे) अर्ज करायचा, किंवा नोकरी न सोडता वर्षभर आपल्याच परिसरात नेमाने सेवा करायची आणि मग ठरवायचे. ठाण्यातल्या आमच्या मंडळीत या वळणावर आलेल्या काही जणांबरोबर मी बसलो आहे. माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे, परंतु पहिल्या वाटेची बाजू भक्कम आहे आणि ती आधी मांडली पाहिजे.

ईशज्ञानाच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न सेमिनरींमध्ये बी.डी.चा (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) अभ्यासक्रम पदवीधरांसाठी साधारण चार वर्षांचा असतो. कॅथलिक धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्यासाठी चर्चच्या कायद्याने तत्त्वज्ञान आणि ईशज्ञानाची मिळून किमान सहा वर्षे सांगितली आहेत, आणि डीकनची, म्हणजे धर्मगुरूपदाच्या आधीच्या पायरीची, दीक्षा झाल्यावरही धर्मगुरूपदापूर्वी किमान सहा महिने जावे लागतात. म्हणजे सेमिनरीत पाऊल टाकले की शिक्का बसला असे नाही. तिथली वर्षेही पारखण्याचीच असतात. शिवाय हिब्रू, ग्रीक, मंडळीचा इतिहास आणि उपदेशाची शिस्त वस्तीत फिरून मिळत नाही, आणि संसाराच्या जबाबदाऱ्या वाढण्याआधी हे शिक्षण पूर्ण झालेले बरे असते.

खरा फरक परत फिरण्यात आहे. दोन वर्षांनी सेमिनरी सोडून आलेल्या मुलाला नातेवाईक आणि ज्या मंडळीने फीचा भार उचलला ती मंडळी काही बोलली नाही, तरी त्याला मान वर करून रविवारी बाकावर बसणे जड जाते. शनिवारची सेवा सहा महिन्यांनी थांबवली तर असे ओझे उरत नाही, आणि म्हणूनच तिथे मनुष्य स्वतःशी अधिक खरे बोलतो.

मात्र कोणती सेवा निवडतो यावर पुष्कळ अवलंबून आहे. खारघरला सेक्टर 22 मध्ये टाटा मेमोरियलचे कर्करोग केंद्र आहे; ठाण्याहून पनवेल लोकलने तिथे जाता येते. प्लॅस्टिकच्या पिशवीत फायली छातीशी धरून उभ्या असलेल्या, मराठी न वाचता येणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला कोणत्या खिडकीवर जायचे हे सांगणे आणि त्याच्याबरोबर रांगेत उभे राहणे, एवढेच काम असले तरी दुःखाजवळ आपण टिकतो की नाही हे तिथे कळते. प्रार्थना मात्र समोरच्याने मागितली तरच करावी. मदतीच्या बदल्यात कोणालाही ती ऐकावी लागता कामा नये. या सेवेची मर्यादा अशी की रुग्ण गावी परततो, पुढच्या आठवड्यात दुसरा भेटतो, आणि आपला उतावळेपणा कोणाच्याच लक्षात राहत नाही. दिघ्यातल्या मुलांचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग 2024 मध्ये दिघा गाव स्थानक सुरू झाल्यापासून सोयीचा झाला आहे. शिकवण्याची हातोटी आहे का, हे त्यातून दिसते, पण त्याहून फारसे काही दिसत नाही.

पाळक होण्याची पारख करायची असेल तर घरभेटी निवडाव्यात, आणि त्याही नेहमीच्याच चार-पाच घरांच्या. कोपरीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आमच्या मंडळीतल्या एक आजी आहेत. त्यांच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत वारांप्रमाणे भराव्या लागतात, ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक उघडून त्यांना आवडते तेच गीत म्हणावे लागते, आणि यजमानांच्या रेल्वेतल्या नोकरीची तीच हकिगत, जणू प्रथमच ऐकतो आहोत अशा लक्षाने, ऐकावी लागते. पहिल्या महिन्यात हे सगळे गोड वाटते. चौथ्या महिन्यात, जुलैच्या पावसात भिजून जिना चढल्यावर ‘आज का आलास, मला बोलवत नाही’ असे ऐकावे लागते, तेव्हा पुढच्या शनिवारी आपण पुन्हा जातो का, याचे उत्तर स्वतःपासून लपवता येत नाही. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सात जणांची निवड झाली ती रोजच्या वाटपात दुर्लक्षित राहिलेल्या विधवांसाठी. त्यांतले स्तेफन आणि फिलिप्प पुढे साक्ष देताना दिसतात, पण त्यांना आधी नेमले ते या कामावर.

या वाटेचे दोन धोके सांगितले पाहिजेत. सेवा मनापासून आवडली म्हणून दीक्षेचे पाचारण आहेच असे होत नाही. 1896-97 च्या दुष्काळात उपाशी स्त्रियांना आसरा देणाऱ्या आणि केडगावचे मुक्ती सदन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंना त्या कार्यासाठी पाळकपद लागले नाही. मुलींनी याचा विचार वेगळाही करावा: चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट मंडळीत स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते, कॅथलिक मंडळीत मिळत नाही, तिथे धर्मभगिनीचे व्रत हा निराळा मार्ग आहे. दुसरा धोका लांबणीचा. ‘अजून एक वर्ष’ म्हणता म्हणता पाच वर्षे सरतात, म्हणून सुरुवातीलाच शेवटची तारीख लिहून पाळकांकडे द्यावी. बायबलमधल्या लहानग्या शमुवेलाला देवाची हाक तीनदा ऐकू आली आणि तिन्ही वेळा तो वृद्ध याजक एलीकडे धावला. ती कोणाची हाक आहे हे एलीला उमगले. तसे वर्षभर आपल्याला जवळून पाहणारे, प्रसंगी ‘नाही’ म्हणू शकणारे एखादे वडीलधारे माणूस आधीच ठरवून ठेवावे. ते आपले आईवडील नसावेत.

ज्याने पंधराव्या वर्षापासून तरुण संघात, रविवारच्या शाळेत आणि आजाऱ्यांच्या घरी हे सर्व केले आहे, आणि ज्याच्याविषयी पाळक व मंडळीतले जुने लोक आपणहून तेच बोलतात, त्याला मी आणखी एक वर्ष थांबायला सांगणार नाही. त्याची पारख झालेली आहे. त्याने या जूनचाच अर्ज भरावा.