यूएसपी की यूडब्ल्यूआय? बेटांच्या दोन सामायिक विद्यापीठांतलं कुठलं घ्यावं

भाचीला समुद्र आणि क्लायमेट या विषयात मास्टर्स करायचंय आणि तिने दोन नावं काढलीत, फिजीतली युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिक म्हणजे यूएसपी आणि कॅरिबियनमधली युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट इंडीज म्हणजे यूडब्ल्यूआय. घरात कुणालाच काही माहीत नाही, म्हणून मीच वाचत बसलो.

दोन्ही म्हणजे भावकीतली सामायिक विहीर समजा. एकेकट्या बेटाला विद्यापीठ परवडत नाही म्हणून सगळ्यांनी मिळून काढलंय. यूएसपीचे मालक 12, त्यात फिजी, सामोआ, टोंगा, तुवालू, नाउरू वगैरे, आणि टोकेलाऊ तर स्वतंत्र देशही नाही, न्यूझीलंडच्या ताब्यातला प्रदेश आहे, तरी हिस्सेदार.

यूडब्ल्यूआय वयाने मोठं. 1948 साली जमैकात मोना इथे जुन्या उसाच्या मळ्यावर सुरू झालं, पहिली बॅच 33 जणांची, सगळे मेडिकलचे, आणि डिग्री मात्र लंडन युनिव्हर्सिटीची. 1962 ला स्वतंत्र झालं. पुढे त्रिनिदादला सेंट ऑगस्टिन, बार्बाडोसला केव्ह हिल, 2019 ला अँटिग्वात फाइव्ह आयलंड्स. यातला प्रत्येक कॅम्पस आपापल्या देशात मोठं प्रस्थ आहे, त्यामुळे "यूडब्ल्यूआयला ॲडमिशन मिळाली" म्हणून भागत नाही, कुठल्या बेटावर ते आधी बघायचं.

यूएसपी तसं नाही. ते 1968 साली फिजीची राजधानी सुवा इथे लाउथाला बे भागात सुरू झालं, न्यूझीलंडच्या हवाई दलाची फ्लाइंग बोटींची, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांची, जागा होती ती, आणि सगळा कारभार अजून तिथूनच हलतो. लॉ तेवढं व्हानुआटूला पोर्ट व्हिलात आणि शेतकी सामोआला. बाकी बेटांवर छोटे कॅम्पस आणि बरंच शिक्षण ऑनलाइन. गंमत म्हणजे मधून इंटरनॅशनल डेट लाइन जाते, सुव्यात सोमवारी सकाळी 9 चं लेक्चर असेल तर कुक आयलंड्समधला पोरगा रविवारी सकाळी 11 ला बसलेला असतो. आपल्याकडे तेव्हा सोमवारचे रात्रीचे अडीच, म्हणजे घरून ऑनलाइन करू म्हणणाऱ्यांनी विसरा.

आता विषयाचं बघू. क्लायमेटसाठी माझं मत सरळ यूएसपी. 2019 ला त्यांच्या पोर्ट व्हिलाच्या लॉच्या 27 पोरांनी वर्गात मुद्दा काढला की हवामानाबद्दल देशांची कायदेशीर जबाबदारी काय हे आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारू या, व्हानुआटू सरकारने ते उचललं, 2023 ला यूएनमध्ये ठराव झाला आणि जुलै 2025 मध्ये हेगच्या कोर्टाने मतही दिलं. वर्गातला विषय एवढा लांब गेलेला मी तरी दुसरा ऐकला नाही.

पण समुद्रातला प्रवाळ, प्रत्यक्ष डायव्हिंग आणि लॅब असंच हवं असेल तर जमैकात डिस्कव्हरी बेला यूडब्ल्यूआयची जुनी मरीन लॅब आहे, आणि ज्वालामुखी-भूकंपवाल्यांनी तर सेंट ऑगस्टिनशिवाय दुसरीकडे बघूच नये. मेडिकलही यूडब्ल्यूआयकडेच, यूएसपीत ते नाहीच. फक्त एजंट "कॅरिबियनमध्ये एमबीबीएस" म्हणून जी खासगी कॉलेजं खपवतात ती वेगळी, ती आणि यूडब्ल्यूआय एक समजू नका, आणि परत येऊन प्रॅक्टिस करायची तर इथली परीक्षा आहेच.

सामायिक विहिरीत भांडणंही आलीच. फेब्रुवारी 2021 मध्ये फिजी सरकारने यूएसपीचे कुलगुरू पाल अहलुवालिया यांना देशाबाहेर काढलं आणि स्वतःच्या हिश्शाचे पैसेही रोखून धरले, मग कुलगुरू काही काळ नाउरूहून काम बघत होते. 2022 च्या शेवटी सरकार बदललं तेव्हा बंदी उठली. एका मोठ्या भावावर सगळं अवलंबून असलं की हे होतं, यूडब्ल्यूआयचं वजन तीन-चार बेटांवर विभागलेलं असल्याने तिथे एवढा झटका बसत नाही असं मला वाटतं.

फीमध्ये दोन्हीकडे सदस्य देशांच्या मुलांना सवलत, आपण बाहेरचे, तेव्हा परदेशी फीचा आकडा लेखी मागून घ्या. जायला फिजी सोपं, सिंगापूरहून फिजीतल्या नांदी विमानतळाला थेट विमान आहे, कॅरिबियनला अमेरिकेवरून गेलात तर ट्रान्झिट व्हिसाची कटकट. नांदीहून सुवा रस्त्याने साधारण 200 किलोमीटर, आणि नांदीला ऊन असलं तरी सुव्यात कोकणातला जुलै, कपडे वाळत नाहीत. जेवणाखाण्याचं टेन्शन दोन्हीकडे कमी, फिजीत गिरमिटियांची, म्हणजे करारावर तिकडे नेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांची, हिंदी बाजारात ऐकू येते आणि त्रिनिदादला रस्त्यावर तळलेल्या पुरीत चणे घातलेले डबल्स मिळतात, दिवाळीची सुट्टीही दोन्ही देशांत.

क्रिकेटवाल्यांना मात्र केव्ह हिलचा मोह होईल. तिथल्या थ्री डब्ल्यूज ओव्हल या मैदानाजवळ वेस्ट इंडीजचा कॅप्टन फ्रँक वॉरेल याची कबर आहे, तोच वॉरेल ज्याने 1962 ला बार्बाडोसमध्ये आपला कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टरला डोक्याला बॉल लागल्यावर रक्त दिलं होतं, आपले चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णीही रक्त देणाऱ्यांत होते. आमच्या मेहुण्यांचं मत तेवढ्यावर केव्ह हिलला पडलं, ते मोजलेलं नाही.

भाचीचा कल सुव्याकडे आहे. परवा तिने दोन्हीकडे मेल टाकलाय, कोर्स नेमका कुठल्या कॅम्पसवर चालतो आणि गाईड तिथेच बसतो का दुसऱ्या बेटावरून झूमवर येतो.