४०७ चा सायलेन्सर: अडीच इंची पाइप आणि डब्याच्या बुडाचं भोक

दुकानातून आणलेला सायलेन्सरचा तयार डबा एकाच पावसाळ्यात बुडातून गेला. पत्रा बोटाने दाबला तरी पापडासारखा तुटत होता. दुकानदाराकडे घेऊन गेलो तर म्हणाला, "शेठ, सायलेन्सरला कोण वॉरंटी देतं?" बिलावर एक वर्षाचा शिक्का होता. तो दाखवला तर म्हणे, ती फ्लँजच्या (पाइप जोडायच्या चकतीच्या) वेल्डिंगपुरती. तासभर हुज्जत घालूनही दमडी सुटली नाही. त्या रागातच टर्बोच्या (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) तोंडापासून शेपटापर्यंत, म्हणजे धूर बाहेर पडतो त्या टोकापर्यंत, सगळी लाइन फॅब्रिकेशनवाल्याकडून नवी करून घेतली. काम गेल्या दिवाळीनंतर झालं, आता एक पावसाळा काढून झाला, म्हणून लिहितोय.

गाडी जुनी ४०७, टाटाची छोटी मालगाडी, ४९७ टर्बो इंजिन. रूट रत्नागिरी ते कोल्हापूर, आंबा घाटाने. जाताना मासळी किंवा हंगामात आंबा, येताना भाजी. मासळीच्या बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटीतून थेट डब्यावर गळतं. त्यामुळे देशावरच्या गाडीला जो डबा पाच वर्षं जाईल तो माझ्याकडे तेवढा टिकणार नाही, हे धरूनच पुढचं वाचा.

आधी पाइपाचं माप, कारण विचारणारे सगळे तेवढंच विचारतात. जुना पाइप दोन इंची होता, मी अडीच घातला. व्यास अर्धाच इंच वाढला तरी आतली जागा दीडपटीहून जास्त होते. २,९५६ सीसीचं इंजिन २,८०० आरपीएमला मिनिटाला चार हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं, टर्बो असला की त्याहून जास्त, आणि तीच हवा तापून बाहेर पडताना दुपटीच्या वर फुगलेली असते. गॅरेजमध्ये निम्मे लोक सांगतात की डिझेलला बॅक प्रेशर, म्हणजे पाइपात धूर अडून मागे येणारा दाब, लागतं. टर्बोच्या गाडीला ते अजिबात लागत नाही. टर्बोचं चाक फिरतं ते आधीच्या आणि नंतरच्या दाबातल्या फरकावर. पुढे नळी तुंबली की तो फरक कमी होतो, टर्बो उशिरा उचलतो आणि काळा धूर वाढतो. तीन इंचीसुद्धा चालला असता, पण चेसिसच्या क्रॉस मेंबरजवळून (आडव्या दांड्याजवळून) तो बसवताना फार नाकदुऱ्या काढाव्या लागतात, वजन वाढतं, पैसेही वाढतात. ८० अश्वशक्तीच्या आतबाहेरच्या गाडीला त्याची गरज नाही.

एक सावधगिरी. नळाच्या दुकानातला ‘दोन इंची’ जीआय (जस्त चढवलेला) पाइप बाहेरून ६० मिलिमीटर भरतो, कारण त्याचं माप आतल्या पोकळीचं. एक्झॉस्टची दोन इंची नळी बाहेरून ५०.८ भरते. आमच्या मिस्त्रीकडे एकाने जीआय आणून दिला होता. क्लॅम्प बसेना, आणि वेल्डिंग करताना जस्ताच्या धुराने पोराला रात्री थंडी भरून ताप आला. साधी एमएस (बिनजस्ताच्या पोलादाची) नळी घ्या, १६ गेज, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर जाड. बाजारातल्या तयार डब्यांचा पत्रा बहुतेक त्याहून पातळ असतो. आणि बेंड (वळणाचे तुकडे) तयार विकत आणून जोडा. साध्या मशीनवर दाबून वाकवलेला पाइप कोपऱ्यात चपटा होतो, मग अडीचचे पैसे मोजून वळणावर दोनच इंच मिळतात.

डब्यात मिस्त्रीने दोन प्रकार दाखवले. एक सरळ जाळीची नळी आणि भोवती ग्लासवुल, दुसरा आत पडदे घालून कप्पे केलेला. ग्लासवुलचा डबा पेट्रोलच्या गाडीत ठीक असेल. जुन्या इंधनपंपाच्या डिझेल इंजिनात काजळी आणि ओल मिळून वुलचा चिखल होतो, आवाज वाढत जातो. कप्प्यांचा घेतला, जुन्यापेक्षा मोठा. आवाज कमी करायचा तर डब्याचं पोट मोठं हवं.

आता मुद्द्यावर येतो. भोक. डब्याच्या बुडाला, सगळ्यात खालच्या जागी, तीन मिलिमीटरचं भोक. दुकानच्या डब्याला ते नव्हतं. मिस्त्रीही पाडायला तयार नव्हता, ‘नवीन कामाला भोक कशाला, लोक नावं ठेवतील’ म्हणे. मी त्याच्यासमोर ड्रिल लावून पाडलं. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. इंजिन तापलेलं असलं की ती बाहेर जाते. पण जेटीवर बर्फ भरायला गाडी दोनशे मीटर पुढे-मागे केली, बंद केली, पुन्हा चालू केली, की ती वाफ थंड डब्यात पाणी होऊन बसते. पाणी, काजळी आणि उरलासुरला गंधक, डबा आतून खायला एवढं पुरतं. जुना डबा ग्राइंडरने उभा कापून बघितला: बाहेरून रंग शाबूत, आत मागचा पडदा निम्मा गायब आणि तळाशी काळा गाळ. वरचं खारं पाणी नंतर, आधी हे आतलं.

भोकाचा तोटा सांगतो. खाली काळा ठिपका पडतो. बायको म्हणते अंगणात लावू नका. रेस सोडली की बारीक चिरचिर ऐकू येते. चालेल.

पाइपाचं माप, डबा आणि भोक हे वरचं सगळं शिमग्याच्या सुमारासच लिहून ठेवलं होतं. त्याच मजकुरात पुढे एक वाक्य होतं, ते खोडलंय: ‘अडीच इंचीने काही फरक पडत नाही, पैसे वाया.’ सपाटीवर, रिकाम्या गाडीला खरंच फरक कळला नव्हता. आंब्याच्या हंगामात पेट्या भरून साखरप्याहून घाट चढायला लागलो तेव्हा कळला. जिथे दुसरा गिअर टाकावा लागायचा अशा एका वळणानंतर तिसऱ्यावरच गाडी निघून गेली, आणि धुरावरून मागच्या गाडीवाल्याचा हॉर्नही ऐकावा लागला नाही. डिझेलचा ॲव्हरेज मात्र तेवढाच. पाइप बदलून लिटरला दोन किलोमीटर वाढले असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडून पाइप घेऊ नका. पीयूसीत धुराचा आकडा २.४५ च्या मर्यादेच्या बराच खाली आला, पण त्याच महिन्यात एअर फिल्टरही नवा टाकला होता, त्यामुळे ते श्रेय पाइपला देत नाही.

मोठ्या पाइपाने केबिन घुमते ही तक्रार मात्र खरी निघाली. १,८०० आरपीएमच्या आसपास केबिनमध्ये घूं घूं असा आवाज भरायचा, कान दुखायचे. चार सिलिंडरच्या इंजिनात त्या वेगाला सेकंदाला साठ ठोके पडतात आणि शेपटाची लांबी नेमकी त्या सुराला साथ देत होती. शेपूट हातभर वाढवून घेतलं आणि मधल्या हँगरचं (पाइप लटकवायच्या आधाराचं) कडक झालेलं रबर बदललं. घुमणं पूर्ण गेलं नाही, पण आता बोलणं ऐकू येतं. हँगर रबराचाच ठेवा. मिस्त्री लोक घाईत पाइप चेसिसला थेट वेल्ड करतात, मग इंजिन हललं की फ्लँजपाशी चीर जाते.

शेपूट उजव्या बाजूला किंवा मागेच काढायचं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १९८९ च्या, नियम ११२ असा आहे की धूर खाली किंवा डावीकडे सोडता येत नाही. डिझेलच्या नळीपासून ३५ मिलिमीटर अंतर हवं ते नियम ११३. पासिंगला कोणी बघो न बघो, गरम पाइपाला नळी टेकली तर काय होईल हे सांगायला नको.

पावसाळ्यानंतर डब्याला हातोडीने ठोकून बघितलं, सगळीकडे टणक आवाज. भोकात मात्र काजळी बसून ते बुजत होतं, आता ऑइल बदलताना तार घालून साफ करतो. खर्च कंपनीच्या सुट्या भागापेक्षा कमी, दुकानच्या डब्यापेक्षा जास्त. बिनटर्बोच्या जुन्या ४०७ वाल्यांनी अडीचच्या नादी लागू नये, दोन इंची चांगला पाइप आणि मोठा डबा पुरे. पुढचा यू-क्लॅम्प गंजलाय, तो येत्या पासिंगआधी बदलायचा आहे.