साडेचारशेचं घडीचं स्टूल आणि सीनेचा काठ : आठ महिन्यांनंतर

हे स्टूल मी गेल्या जूनमध्ये ऑनलाइन मागवलं, ४५० रुपयांना. घडी घातली की छत्रीएवढं होतं, स्कूटरच्या हुकाला पिशवीतून अडकवता येतं. लेबलवर लिहिलंय, १०० किलो पेलतं. माझं वजन ७२, त्यामुळे त्या बाबतीत कंपनीला खोटं पाडता आलं नाही. बाकीच्या बाबतीत पाडलं, ते पुढे येतंच.

आधी घेतलं कशाला ते सांगतो, नाहीतर तुम्हीही आमच्या हिच्यासारखं विचाराल, घरात खुर्च्या कमी पडल्या का म्हणून. मी एकतीस वर्षं टॉवेलच्या मागांवर जॉबर, म्हणजे माग लावून-दुरुस्त करून देणारा, होतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. मागच्या वर्षीपासून सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी चारच तास जातो. टेरीचा पाईल बीम, म्हणजे टॉवेलचे फासे ज्या धाग्यांतून उठतात त्यांचा रूळ, किती ढिला सोडायचा, हे नवीन पोरांना हात धरून दाखवावं लागतं, तेवढ्यापुरता मालकांनी ठेवलाय. उरलेल्या दिवसांचं काय करायचं? महिनाभर सिद्धेश्वर तलावावर जाऊन बसलो. जागा छान, पण ओळखीची माणसं फार. प्रत्येकाचा एकच प्रश्न, "काय मास्तर, सुटला का कामातनं?"

मग एक दिवस स्कूटर विजापूर रोडला घातली आणि वडकबाळच्या पुलाच्या अलीकडे खाली उतरलो. सोलापूरकराला उजनी धरणाची टक्केवारी तोंडपाठ असते, कारण नळाचं पाणी तिथलं. सीना नदी मात्र एसटीच्या खिडकीतून दिसते तेवढीच. अठ्ठावन्न वर्षांत मी तिच्या काठाला कधी टेकलो नव्हतो. त्या दिवशी टेकलो आणि उठता येईना. मागापुढे उभं राहून गुडघे गेलेत. म्हणून स्टूल.

आता दोष. पहिला दोष पहिल्याच दिवशी कळला. चारी पायांना खाली प्लास्टिकची बुचं आहेत, रुपयाएवढी. फरशीवर ठीक. काठाच्या काळ्या गाळात मी बसलो आणि सावकाश, अगदी लिफ्टसारखा, खाली जायला लागलो. उठून ओढलं तर स्टूल आलं, दोन बुचं आतच राहिली. बाजूला जाळं सोडवत बसलेला एक मच्छीमार हे बघत होता. हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "अण्णा, म्हशीचा पाय रुंद असतो, तुमच्या स्टुलाचा नाही." दुसऱ्या खेपेला त्यानं जुन्या टायरचे दोन पट्टे कापून आणले, एकेका बाजूच्या दोन पायांखाली तारेनं आवळून बांधले. तेव्हापासून स्टूल रुतत नाही. घडी पूर्वीसारखी बसत नाही, पिशवीतून टायर बाहेर डोकावतं, पण चालतंय की. कंपनीनं हे पट्टे द्यायला हवेत.

दुसरा दोष कापडाचा, आणि इथं मी गप्प बसणार नाही, कारण हा माझा धंदा आहे. दोन महिन्यांत बैठक फाटली. कापड उलटं करून उजेडात धरलं. विणकाम चांगलं, ताणा-बाणा कुठंच तुटलेला नाही. फाटलंय ते शिवणीच्या भोकांच्या ओळीनं, पोस्टाच्या तिकिटासारखं. जाड सुईनं जवळजवळ टाके घातले की कापडाला कातरच लावल्यासारखं होतं. शिवाय कडेला दुमड एकच. म्हणजे विणणाऱ्यानं कमावलं आणि शिवणाऱ्यानं घालवलं. मी घरातली बाजेची नवार काढली, दुहेरी घेऊन रेग्झिनवाल्याकडून लांब टाक्यांनी बसवून घेतली. साठ रुपये गेले. आता कापडापेक्षा नवारच बरी वाटते, घामानं चिकटत नाही.

बसायला कसं आहे? अर्धा तास उत्तम. पाऊण तासानं पाठ बोलायला लागते, कारण टेकायला काही नाही. पण पाऊण तास सलग बसायला मिळतंय कुणाला! माणूस खाली बसलेला असला तर त्याला कुणी विचारत नाही. स्टुलावर बसलेला दिसला की वाटेनं जाणारा थांबतोच. सर्व्हेवाले आहात का, रस्ता रुंद होणार का, मोटारीचं बिल माफ होणार का. मच्छीमारानं मला एकदा मास्तर म्हटलं, तर तिसऱ्या दिवशी एक पोरगं गणिताची वही घेऊन हजर. शाळेचा नव्हे, मागाचा मास्तर आहे, हे सांगेपर्यंत त्यानं वही माझ्या मांडीवर ठेवली होती. शेकडेवारीची गणितं होती. टॉवेलच्या घटीवर आयुष्य गेलंय, जमली.

आणि मोठ्यानं बोलू नका. मागाच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय, पहिल्या दिवशी मी फोनवर नुसतं "हॅलो" म्हटलं आणि समोरचे बगळे उठून पलीकडच्या उसावर गेले.

काठावर एक आजी शेळ्या घेऊन येते. तिनं पहिल्यांदा स्टुलाकडे बघून किंमत विचारली. मी सांगितली. म्हणाली, "येवढ्यात एक शेरडाचं पिल्लू नसतं आलं, पण कोंबडी आली असती की." मग बसून बघितलं, पुन्हा उठायला तयार नाही. त्यानंतर आमचं ठरूनच गेलं : ती आली की स्टूल तिचं, मी दगडावर. नेण्या-आणण्याचा त्रास नको म्हणून शेवटी स्टूल तिच्याच घरी ठेवायला लागलो. गुडघ्यांसाठी आणलं आणि गुडघे होते तिथंच.

सप्टेंबरच्या शेवटी सीनेला पूर आला. २०२५ चा तो पूर सोलापुरात कुणाला सांगायला नको. लांबोटीला पुणे रस्ता बंद, इकडे विजापूर रस्ता बंद. एरवी बंधाऱ्याला बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, टाकले तरच जिच्यात पाणी ठरतं ती नदी उसाच्या वरनं वाहत होती. रस्ता खुला झाल्यावर गेलो. बाभळींच्या शेंड्याला ठिबकच्या नळ्या, चिंध्या, कडब्याच्या पेंढ्या. माझी दगडाची जागा गाळाखाली. स्टूल गेलं असणार हे गृहीतच होतं, विचारायचीही लाज वाटत होती.

आजी शाळेच्या व्हरांड्यात होती, स्टुलावर. रात्री घर सोडताना पोरानं धान्याचं एक पोतं उचललं, सुनेनं कागदपत्रांची पिशवी, आणि हिनं शेळ्यांच्या दाव्यांबरोबर हे. "खाली गार लागतंय," एवढंच म्हणाली. चार रात्री त्या व्हरांड्यात आळीपाळीनं म्हाताऱ्या माणसांनी त्यावर बसून काढल्या. पुढं पंचनामा झाला तेव्हा साहेबांना बसायला तेच दिलं. गडी अंगानं भरलेला होता, मी नवारीकडे बघत होतो. करकरली, पण टिकली. १०० किलोचा दावा तिथं सिद्ध झाला असं धरायला हरकत नाही. पायांना गंज मात्र धरलाय, रंग पोपड्यासारखा निघतो. पुराचं पाणी लागलंय, तेव्हा यासाठी गुण कापत नाही.

थंडीत एकदाच स्टूल परत मागून घेतलं, हत्तरसंग कुडलला न्यायला. सीना कुठं जाते ते बघायचं होतं. भीमेला मिळते, कसलाही गाजावाजा न करता. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी लेख आहे. मान मागं टाकून बघावा लागतो, स्टूल असेल तर सावकाश बघता येतो. शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळात ३५९ मुखांचं शिवलिंग आहे. मी मोजायला बसलो, चाळिसाच्या पुढं चुकलो. पुन्हा मोजेन. स्टुलावर चढून उभं मात्र राहू नका, ते त्यासाठी नाही.

गुण : पाचपैकी साडेतीन. शिवण आणि बुचं सुधारली तर साडेचार. नदीकाठी बसायला घेणार असाल तर एक घेऊ नका, दोन घ्या. मी दुसरं मागवलंय, या आठवड्यात येईल. टायरचे पट्टे मच्छीमारानं आधीच कापून ठेवलेत, आणि आजीनं निरोप पाठवलाय की नवीन आलं की बघायला घेऊन ये, जुनं आता कुरकुरतंय.