हाताची अक्षरे की तयार फॉन्ट?

उपयोजित कलेच्या वर्गात दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचा प्रकल्प मी दोन प्रकारे केला: एकात ‘दिवाळी’ हा शब्द कटनिबने, म्हणजे रुंद, सपाट टोकाच्या निबने, लिहून स्कॅन केला, तर दुसऱ्यात मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा ‘बालू’ हा मुक्त फॉन्ट वापरला. निब तिरकी धरली की ‘ळ’च्या दोन्ही गाठींत जाड-बारीक रेषेचा चढउतार आपोआप येतो, शिवाय ‘दि’ची वेलांटी हवी तेवढी लांबवून तिच्या कमानीत पणतीची ज्योत बसवता येते; हे सुख फॉन्टमध्ये नाही. मात्र त्यासाठी तीसेक कागद खर्ची पडले, कारण एक वळण बिघडले की सगळा शब्द पुन्हा लिहावा लागे.

‘बालू’ची शिरोरेषा सलग राहते, जोडाक्षरे बिनचूक येतात आणि सगळे मथळे एकाच वळणाचे होतात, म्हणून अनुक्रमणिका व लेखांची शीर्षके यांसाठी मी तोच निवडेन. मुखपृष्ठावरचा मोठा शब्द मात्र हातानेच लिहावा, असे माझे ठाम मत आहे, कारण दुकानात ओळीने मांडलेल्या अंकांत माझी नजर आधी अक्षराच्या वळणावर थांबते आणि नाव मी नंतर वाचते.